काटेवाल्याचं रक्त

३ फेब्रुवारी २०१४, सोमवार

नवी वही. रेघा सरळ आहेत, पण चौतिसावं आणि पस्तिसावं पान एकमेकांना चिकटलेलं निघालं. ब्लेडने सोडवलं. दुकानदाराला सांगणार आहे.

प्रमाण वजनांवर यंदाचा शिक्का मारून घ्यायला किसुमूला गेलो होतो. पाच किलोच्या वजनात दोन ग्रॅमची घट निघाली. ती मी घरीच पकडली होती, तिथल्या बाबूला फक्त दाखवून दिली. "तुम्ही कुठे शिकलात?" त्याने विचारलं. "कुठेच नाही," म्हणालो. असं सांगताना मला बरं वाटतं हे कबूल करतो.

परतताना इस्पितळाच्या भिंतीवर एक कागद दिसला. "तुमच्या जोडीदाराला एचआयव्ही आहे आणि तुम्हाला नाही? तुमचं रक्त आम्हाला काहीतरी शिकवू शकतं." तीनदा वाचला. माझ्या बायकोने, आदोयोने, मला तिच्या आजाराचं जानेवारी २००५ मध्ये सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी मी तपासून घेतलं. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी घेतो. एकोणीस वेळा. एकोणीस वेळा काही नाही. सुरुवातीची दोन वर्षं निरोध वापरला, मग सोडून दिला, तरीही काही नाही. इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरने मान वर करून विचारलं नाही की नफ्ताली ओबुंगा, हे कसं काय?

शेवटी कुणीतरी विचारतंय.

५ फेब्रुवारी, बुधवार

अभ्यासाच्या कार्यालयात ८.५० ला पोचलो. दार ९.२० ला उघडलं. पाच नळ्या रक्त घेतलं, प्रत्येकी आठ मिली. तिसऱ्या नळीवरच्या चिठ्ठीवर माझं नाव 'ओबोंगा' लिहिलं होतं, बदलायला लावलं.

लिडिया मुहोन्जा नावाच्या बाई सगळं समजावतात. शांत आहेत, पण घाईत बोलतात. त्यांचं म्हणणं असं: पेशीला दार असतं आणि दाराला कडी. विषाणू ती कडी धरून आत शिरतो. काही माणसांना आईबापाकडून मिळालेल्या जनुकांतच असा बदल असतो की त्यांच्या दारावर ती कडी नसते. पण अशी माणसं बहुतेक उत्तर युरोपात, आपल्याकडे जवळजवळ नाहीतच. तरीही आपल्याकडे काहीजण वर्षानुवर्षं आजाराला टेकून राहिले आणि कोरडे राहिले. त्यांच्यात काय आहे, ते शोधायचंय.

"म्हणजे दुसरी एखादी कडी," मी म्हणालो.

"असेल," त्या हसल्या. "किंवा आतला पहारेकरी वेगळा असेल."

माझे वडील एक्क्याण्णव वर्षं जगले, शेवटपर्यंत दात होते. हे त्यांना लिहून घ्यायला सांगितलं. अभ्यासाचं नाव असलेली निळी टोपी मिळाली. पुढच्या खेपेला बायकोलाही आणायचं. दोघांना वेगवेगळं बसवून विचारतात.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आदोयो मासे तळत असताना तिला सगळं सांगितलं. कडी, दार, पहारेकरी. तिने न्गेगे मासा उलटवला, झारा कढईच्या काठावर ठेवला आणि विचारलं, "कुणाला सांगितलंत?"

"अजून कुणाला नाही."

"नका सांगू, अवीनोचे बाबा."

एवढंच. विज्ञानाची गोडी सगळ्यांनाच असते असं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

न्यागोंडो धक्क्यावर, जिथे मासेमारीच्या होड्या लागतात, तीन वजनकाटे तपासायचे होते. ओगूताच्या समितीचा टांगता काटा दर किलोला चाळीस ग्रॅम खातो, हे त्याला दहा वर्षांपूर्वी सांगितलं होतं, आजही सांगितलं. ओगूता धक्क्यावरच्या मच्छीमार समितीचा सचिव आहे. मला इथे सगळे 'फुंदी' म्हणतात, म्हणजे कारागीर. माझ्याकडे बघून म्हणाला, "फुंदी, डोक्यावर हे काय घातलंय? निवडणुकीला उभा राहतोस की काय?"

मग सांगावंच लागलं. उलट्या घातलेल्या होडीवर खडूने पेशी काढली, दार काढलं, कडी काढली, कडी पुसून दाखवली. "या धक्क्यावर," मी म्हणालो, "असा एक माणूस आहे, ज्याच्या उंबऱ्याच्या आत तो आजार नऊ वर्षं बसलाय, आणि तरी त्या माणसाला शिवलेला नाही." आणि टोपी काढून पुन्हा घातली.

सगळे गप्प. बोटवाले, जाळी विणणारे, घमेली घेऊन उभ्या असलेल्या बायासुद्धा. ओगूतालासुद्धा काही सुचलं नाही. गेल्या दहा वर्षांत हे पहिल्यांदाच.

या धक्क्यावर माझ्याइतकं ताठ कुणी चालत नाही, हे मी लिहून ठेवतो, कारण खरं आहे. इथे बोटवाला मासे कुणाला आधी देतो ते सगळ्यांना माहीत आहे. 'जाबोया' म्हणतात. बाई त्याची होते, मग तिचं घमेलं भरतं. मी त्या बायांचेही काटे दुरुस्त करतो, पण त्यांच्याकडचा चहा घेत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आदोयो निम्मे तळलेले मासे परत घेऊन आली. बाजार मंदा आहे म्हणाली. रात्री तेच खाल्ले. मीठ कमी होतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा निम्मे परत. अवीनो अकरा वर्षांची आहे, तिला रोज मासे नको झालेत. वाऱ्यामुळे असेल, अशा दिवसांत गिऱ्हाईक कमी फिरतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आदोयोला घेऊन किसुमूला गेलो. माझी मुलाखत पंचवीस मिनिटं, तिची चाळीस. तिचं रक्तही घेतलं. बायकोला आजार कधीपासून, या प्रश्नापुढे मी २००१ लिहिलं. हिशेब साधा आहे. एप्रिल २००१ मध्ये तिची थोरली बहीण उगेन्यात वारली. आदोयोने शेवटचे तीन महिने तिच्या जखमा उघड्या हातांनी धुतल्या. आजार तिथूनच आला. तिने स्वतःच एकदा तसं म्हटलं होतं, किंवा मी म्हटलं आणि ती नाही म्हणाली नव्हती. गोळ्या मार्च २००६ मध्ये सुरू झाल्या. म्हणजे निरोधाचे दिवस वगळले तरी गोळ्यांच्या आधीची जवळजवळ चार वर्षं माझं रक्त त्या आजारासमोर उघडं उभं होतं. अभ्यासात बसायला अशी दोन वर्षं लागतात, मी चार देतोय.

परतताना मटाटूत, म्हणजे वडापच्या गाडीत, विचारलं, "कुठलं साल सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं ते सांगितलं."

"पण साल?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "तुमच्या टोपीवर पक्ष्याने घाण केलीय," ती म्हणाली. बघितलं तर खरंच होती.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज राग आलाय, तरी अक्षर नीट काढतोय.

दुसऱ्यांदा रक्त द्यायला गेलो तर बाकड्यावर कोण बसलेलं? न्यार उयोमा! धक्क्यावर मासे धुरावणारी म्हातारी, सत्तरीच्या पुढची. उयोमाकडची लेक म्हणून सगळे तिला याच नावाने हाक मारतात. मी 'दानी' म्हणतो, आजीला म्हणतात तसं.

"दानी, तू इथे?"

"गाडी पाठवली होती रे त्यांनी. फुकटची गाडी कोण सोडतं?"

"तुला फॉर्म तरी वाचता येतो का?"

"मला अंगठा येतो. रक्त शिकलेलं असावं लागत नाही म्हणाले."

तिचा नवरा वारला. मग रीतीप्रमाणे दिराने तिला ठेवलं, तोही वारला. मग चुलतदिराने, तोही. तिघेही वाळून वाळून गेले, गोळ्या यायच्या आधीच्या काळात. तिला काही नाही. अकरा तपासण्या, सगळ्या कोऱ्या. लिडियाबाई तिच्याशी माझ्यापेक्षा हळू आवाजात बोलत होत्या. तिला खुर्ची दिली. मला बाकडं.

"दानी, तुला कडी म्हणजे काय ते तरी सांगितलं का?"

"सांगितलं. पण कडी असो नाहीतर नसो, दारातून तिघे बाहेर गेले, ते बघायला मीच राहिले ना?" मग सोड्याची बाटली उघडायला माझ्यापुढे केली.

१० मार्च, सोमवार

पत्र आलं. दोन ओळींचं. "आपण दाखवलेल्या उत्सुकतेबद्दल आभारी आहोत. अभ्यासाच्या अटींत आपली जोडी बसत नाही." 'जोडी' शब्दावरच तारखेचा शिक्का बसलाय, सही कुणाची ते वाचता येत नाही.

बसत नाही!

१२ मार्च, बुधवार

८.४० ला कार्यालयात. ९.३५ ला लिडियाबाई भेटल्या.

"चूक झालीय," मी म्हणालो. "एकोणीस तपासण्या आहेत माझ्या."

"तपासण्यांबद्दल काही शंका नाही, फुंदी. तुमच्या बायकोच्या रक्तात विषाणू मोजता येण्याइतका सापडतच नाही. वर्षानुवर्षं नाही. गोळ्यांमुळे. जो तुमच्यापर्यंत पोचलाच नाही, त्याला तुमच्या रक्ताने अडवलं की नाही, हे आम्ही कसं सांगणार? तुमच्या रक्ताची परीक्षा झालीच नाही."

हे मला एकदम कळलं, आणि कळलं म्हणूनच जास्त राग आला. काट्यावर वजनच ठेवलं नाही आणि काटा शून्यावर आहे, तर तो काटा बरोबर आहे असं मीही लिहून देणार नाही.

"ते २००६ नंतर," मी म्हणालो. "त्याआधीचं, २००१ पासूनचं काय?"

त्यांनी माझी फाइल मिटली. "आमच्याकडे कागद आहेत. कागदांवरून तेवढी वर्षं निघत नाहीत."

"कुठले कागद?"

"ते मला सांगता येत नाही. दोघांची उत्तरं वेगवेगळी घेतो, ती याचसाठी."

"मी तिचा नवरा आहे."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

मी टोपी त्यांच्या टेबलावर ठेवून आलो. रस्त्यावर ऊन लागलं.

१५ मार्च, शनिवार

कागद त्यांच्याकडे आहेत, तसे माझ्याकडेही आहेत. १९९६ पासूनच्या वह्या माळ्यावरून काढल्या. त्या दिवसांत आदोयो कशी होती, घर कसं चाललं होतं, सगळं तारखेनिशी आहे. फेरविचारासाठी अर्ज करणार आहे, त्याला जोडायला काही नोंदी इथे उतरवतो.

"२२ सप्टेंबर २००३. समितीने काटा हलका करायला, म्हणजे वजन कमी दाखवायला लावायला, सांगितलं. मी किल्ली टेबलावर आपटली आणि निघून आलो. ओगूता म्हणाला, महिनाभरात उपाशी मरशील. बघू."

"१९ नोव्हेंबर २००३. काम नाही. पण आजही ताटात मासे. आदोयो आता धक्क्यावर मासे घेऊन विकते. ज्यांनी आम्हाला उपाशी मारायचं ठरवलं होतं, त्यांनी येऊन माझं ताट बघावं. माझ्या नावाची पत अजून आहे."

"१६ जानेवारी २००४. अवीनोचा खोकला जात नाही, आदोयो तिच्याजवळच झोपते. दुसरा महिना."

"८ मे २००४. न्यागोंडोचा बोटवाला ओक्वाच याला आज पुरलं. वल्ह्यासारखा वाळला होता. आदोयो खूप रडली. परक्यासाठीही रडते, इतकी हळवी आहे."

खोकल्याची नोंद अडचणीची आहे. आदोयो तेव्हा माझ्याजवळ झोपत नव्हती, म्हणून माझ्या हिशेबातले काही महिने वजा होतात. पण २००१ ते २००३ उरतातच. तेवढे पुरेत.

२१ मार्च, शुक्रवार

आदोयो चार दिवस बाजारात गेलेली नाही. आज विचारलं, तर म्हणाली, "कशाला जाऊ? भरलेलं घमेलं नेऊन भरलेलंच आणायला?"

दुपारी न्यार उयोमा आली. बसली नाही.

"फुंदी, तुला वजन कळतं ना? तुझ्या जिभेचं किती भरतं ते सांग."

"काय झालं, दानी?"

"उलट्या होडीवर चित्र काढून सांगितलंस की घरात आजार आहे, पण तुला नाही. मग कुणाला आहे? तुझ्या कोंबडीला?"

"मी कुणाचंही नाव घेतलं नव्हतं."

"नाव घ्यायला उरलंच काय होतं? घरात तुम्ही दोघं आणि ती लहान पोर. त्या दिवसापासून आदोयोच्या हातचा मासा कुणी घेत नाही. ही बाई आठ वर्षं दोन मटाटू बदलून सियायाच्या पलीकडे गोळ्या आणायला जाते, कुणाला दिसू नये म्हणून. आणि तू खडू घेऊन उभा राहिलास!"

मी मागचं पान उघडून बघितलं. मी नाव घेतलं नव्हतं हे खरंच आहे. तिला तसं दाखवायलाही गेलो. तिने वहीकडे बघितलंसुद्धा नाही.

"आणि मला नाही झाला म्हणून मी कुठे नाचतेय?" दानी म्हणाली. "मला नाही झाला, तर लोक म्हणाले हीच नवरे खाते. तिसऱ्याच्या वेळी मी देवाला म्हटलं, आता मलाही ने. नेलं नाही. तू याला बक्षीस समजतोस, पोरा?"

तिच्यासाठी चहा ठेवला, तोवर ती गेली होती.

दूरच्या क्लिनिकमागचं कारण मला ठाऊक नव्हतं. तिकडची माणसं बरी आहेत म्हणून जाते, असं मी धरून चाललो होतो. विचारलं नव्हतं.

२४ मार्च, सोमवार

जे बिघडवलं ते दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे. आदोयोला न सांगता अठरा तळलेले न्गेगे घेऊन बाजारात गेलो आणि बायांसमोर उभं राहून समजावलं. आजार माशातून येत नाही, तेलातून येत नाही, हातातून येत नाही. मुद्देसूद सांगितलं.

एक बाई म्हणाली, "फुंदी, तुला तर होतच नाही म्हणे. मग तूच खा ना."

मी एक खाल्ला. मग दुसरा. उभ्या उभ्या चार खाल्ले, काटे बाजूला काढून ओळीने ठेवले. लोक बघत होते. कुणीतरी टाळी वाजवली. विकत कुणी घेतला नाही.

घरी चौदा परत आणले. आदोयोने मोजले आणि झाकून ठेवले. पोट बिघडलंय.

२ एप्रिल, बुधवार

अवीनोच्या शाळेला जन्माचा कागद हवा होता. आदोयो पाण्याला गेली होती. तिची पत्र्याची पेटी उघडली. जन्माच्या कागदाखाली मिशन दवाखान्याचं गुलाबी कार्ड होतं, अवीनोच्या वेळचं. नाव, वजन, रक्तदाब. खाली एक ओळ: आईची एचआयव्ही तपासणी, १३ ऑगस्ट २००२. आजार नाही.

पहिल्यांदा वाटलं, दवाखान्याची चूक. अशा चुका मी शंभर बघितल्यात. पण शिक्का स्वच्छ आहे आणि सही दोनदा केलेली आहे, एकदा तपासणाऱ्याची आणि एकदा बघणाऱ्याची. मीही असंच करतो.

म्हणजे २००१ नाही. २००२ च्या ऑगस्टपर्यंत नाही.

कार्ड जसं होतं तसं, त्याच घडीवर ठेवलं.

माळ्यावरच्या वह्या अजून टेबलावर आहेत. १५ मार्चला उतरवलेल्या नोंदी पुन्हा वाचल्या. सप्टेंबर. नोव्हेंबर. जानेवारी. मे. चार तारखा आहेत. त्यांच्यात पाचवी, कार्डावरची, मिळवली की उत्तर येतं, लहान पोरालाही येईल.

आज एवढंच.

५ एप्रिल, शनिवार

काटे तपासायला गेलो नाही.

६ एप्रिल, रविवार

आदोयोचं घमेलं ज्या होडीतून भरायचं, त्या ओक्वाचच्या होडीचं नाव काय होतं ते आठवत नाही. आठवायला नको आहे.

रागही नेमका कुणावर आहे ते कळत नाही. ओगूतावर होता, तो आता पुरत नाही. "माझ्या नावाची पत अजून आहे." हे वाक्य मी लिहिलंय. माझंच अक्षर आहे.

९ एप्रिल, बुधवार

आदोयोचा गोळ्यांचा दिवस. "मी येतो," म्हणालो. तिने माझ्याकडे बघितलं. "लांब आहे," म्हणाली. आठ वर्षांत पहिल्यांदा गेलो. दोन मटाटू, शेवटी पंचवीस मिनिटं चालणं. हे ती दर महिन्याला करते, पहाटेच्या भाकरीनंतर, आणि मी झोपेतून उठायच्या आधी निघते.

तिथली परिचारिका डब्यातल्या उरलेल्या गोळ्या ताटलीत ओतून मोजते. दोन-दोनच्या जोड्या करून. आजच्या भेटीपर्यंत चार उरायला हव्या होत्या. चार उरल्या.

"कधी चुकते का?" मी विचारलं.

परिचारिकेने मोठं रजिस्टर उलटं फिरवून माझ्यापुढे केलं. "हा रकाना बघा. मी इथे सात वर्षं आहे. या बाईंचा आकडा एकदाही कमी-जास्त झालेला नाही. नव्या मुलींना मी हेच पान दाखवते."

पानं उलटून बघितली. खाडाखोड नाही. मी अठ्ठावीस वर्षं काटे तपासतोय. सहा महिन्यांत जो सरकत नाही असा काटा मी अजून हातात धरलेला नाही.

सकाळी सात आणि संध्याकाळी सात. रेडिओवर बातम्यांची धून लागली की ती उठते. मला वाटायचं, बातम्यांचा कंटाळा येतो म्हणून उठते.

परतताना मटाटूत म्हणालो, "ओगूता विचारेल, रक्ताचं काय झालं. काय सांगू? तू म्हणशील तेच सांगेन."

तिने गोळ्यांची पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "या वेळी विचारलंत तरी."

"सांग ना."

"आता लपवायला काय उरलंय? खरं सांगा. पण चित्र काढू नका."

११ एप्रिल, शुक्रवार

धक्क्यावर गेलो. ओगूता जाळ्यावर बसला होता.

"काय रे फुंदी, टोपी दिसत नाही? लोखंडी रक्ताचं काय झालं?"

"साधंच निघालं," मी म्हणालो. "तुझ्यासारखंच. मला आजार झाला नाही तो आदोयोमुळे. आठ वर्षांत तिने एक गोळी चुकवली नाही, म्हणून तो माझ्यापर्यंत आलाच नाही. खरं रक्त दानीचं आहे, तिला विचार."

दानी धुराच्या भट्टीमागून ओरडली, "मला काही विचारू नका, मी मासे फिरवतेय!"

हसले लोक. हे मी विजय म्हणून लिहीत नाही. बोलताना माझे कान तापले होते. पंधरा पावलं चालल्यावर आठवलं की त्याचा काटा तपासायचा राहिलाच. परत गेलो. अजून चाळीस ग्रॅम.

आदोयो आज बाजारात बसली. दानी तिच्याकडून दोन मासे घेऊन तिथेच, सगळ्यांसमोर, मोठ्याने चोखत खात बसली. पंधरापैकी सहा गेले.

१३ एप्रिल, रविवार

अर्ज पाठवणार नाही. जोडलेल्या नोंदी फाडल्या नाहीत, वहीतच राहतील.

संध्याकाळी सातची धून लागली. आदोयो गोळी घ्यायला उठली. २००३ ची वही टेबलावर होती, ती तिने बघितली.

"वाचलीत?"

"हो."

"काय आहे त्यात?"

"मासे आहेत," मी म्हणालो. "रोज ताटात मासे. ते कुठून येतात, हे मी एकदाही विचारलेलं नाही."

तिने गोळी घेतली, पाणी प्यायली. पेला धुऊन उपडा ठेवला. हात अंगावरच्या कपड्याला नाही, फडक्यालाच पुसले, तिची सवय आहे.

"बरं झालं नाही विचारलंत," ती म्हणाली. "विचारलं असतंत तर मी खोटं बोलले नसते. मग पोर जेवली नसती."

मग ती अवीनोला हाक मारायला बाहेर गेली.

वरचे शब्द तिचे आहेत, जसेच्या तसे. मी एकही बदललेला नाही. आणखी काय लिहायचं ते मला येत नाही, आणि कुठल्या पुस्तकातून शिकता येईल असं वाटत नाही.

उद्या तिच्यासाठी मासे आणायला मी जाणार आहे. घमेलं काढून ठेवलंय. धक्क्यावर बायांच्या रांगेत आजवर कुणी पुरुष उभा राहिलेला नाही, लोक हसतील. होड्या सहाला लागतात. पावणेसहाला निघायला हवं.